काळी सेडान, दोन पेंट आणि चुकलेला टेस्ट स्पॉट: पॉलिश-पॅड निवडीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ही गोष्ट एका काळ्या मेटॅलिक सेडानची. मॉडेल २०१६चं, चालवलेली जपून, इंजिनाला काही तक्रार नाही, पण पेंटकडे उन्हात बघवत नव्हतं. मालक बँकेतून रिटायर झालेले, त्यांना इथे काका म्हणतो, आम्ही पण तेच म्हणायचो. राहायला पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका मोठ्या सोसायटीत. त्या भागात ज्यांनी दिवस काढलेत त्यांना सांगायला नको, उन्हाळा आला की टँकर आणि बोअर, आणि ते पाणी इतकं जड की बादलीच्या कडेला पांढरी रेघ बसते. गाडी धुणारा रोज सकाळी येणार, एक बादली, एक फडकं, त्याच फडक्याने बारा-पंधरा गाड्या. चाकाजवळची माती आणि बोनेट दोन्हीला तेच फडकं. त्या माणसाला दोष देत नाही मी, महिन्याला जे पैसे मिळतात त्यात तो दुसरं काय करणार. पण काळ्या रंगावर याचा हिशोब सात-आठ वर्षांत दिसतोच.

मधल्या काळात दोनदा एका गॅरेजमध्ये "रबिंग-पॉलिश" करून घेतलं होतं. काकांच्या शब्दांत, "गाडी आणली तेव्हा आरसा, दोन धुण्यांत परत जैसे थे, आणि वर उन्हात कसल्यातरी लाटा दिसायला लागल्या." त्या लाटा म्हणजे होलोग्राम. रोटरी मशीनवर (पॅड एकाच अक्षाभोवती गरगर फिरवणारं) लोकरी पॅड लावून जाड कंपाउंड, म्हणजे जास्त कापणारं पॉलिश, फिरवलं आणि पुढची फिनिशिंगची पायरी केलीच नाही की पॅडच्या फिरण्याच्या दिशेने बारीक बारीक चरे उरतात. वरून तेलकट ग्लेझ मारला की ते भरून दिसतात, आणि शाम्पूने तेल निघालं की परत उघडे. म्हणजे गाडी "परत खराब" झालीच नव्हती, ती नीट झालीच नव्हती.

मे महिन्यात घरात लग्न. गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात काका आमच्याकडे आले. आमचं छोटं काम आहे, मी आणि हाताखाली एक मुलगा, दोन गाड्या मावतील एवढी शेड. त्यांचं म्हणणं साधं होतं, "अरे, शोरूमसारखी नकोय मला, पण दारात उभी केली की लाज वाटू नये एवढं कर."

अडचण नेमकी काय होती

गाडी नीट धुऊन, आयर्न रिमूव्हर मारून (चाकाच्या वरच्या भागात जांभळे ओघळ आले, ब्रेकच्या लोखंडी धुळीचे), डांबराचे ठिपके काढून, क्ले (चिकटलेले कण ओढून काढणारी मातीसारखी वडी) फिरवून मग शेडमधले ट्यूबलाइट बंद केले आणि एलईडी टॉर्च लावला. हे सगळं आधी करायलाच लागतं. पेंटवर चिकटलेला कण तसाच ठेवून मशीन फिरवलं तर तो कण पॅडमध्ये अडकतो आणि तुम्ही स्वतःच्या हाताने नवे चरे पाडत बसता.

टॉर्चखाली चार प्रकारचे दोष एकमेकांत मिसळलेले दिसले. सगळीकडे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे, म्हणजे स्वर्ल. दारांवर आणि डिकीवर जुने होलोग्राम. छतावर आणि डिकीवर पाण्याचे गोल डाग, त्यातले काही नुसते क्षार, पाणी घातलेल्या व्हिनेगरने गेले, पण बरेचसे आत कोरलेले, म्हणजे बोट फिरवलं तर लागत नाही पण प्रकाशात वाटीसारखी कड दिसते. आणि ड्रायव्हरच्या मागच्या दारावर एक लांब ओरखडा, नखाला अडकणारा.

मग जाडी मापली. इथे थोडं थांबतो कारण पुढची सगळी भानगड या आकड्यांवरूनच झाली.

आजकालच्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) धरून साधारण १०० ते १४० मायक्रॉनचा थर असतो, काही गाड्यांवर त्याहून कमी. त्यातला क्लिअर कोट बहुतेक वेळा ३५ ते ५०. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला केस ७०च्या आसपास असतो, म्हणजे अख्खा क्लिअर कोट केसापेक्षा पातळ. मशीन पॉलिश म्हणजे चरा "भरणं" नाही, चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर खाली आणून चऱ्याच्या तळाशी नेणं. प्रत्येक वेळी काहीतरी जातंच. उन्हाचा मारा झेलणारी रसायनं पण त्याच थरात असतात, त्यामुळे गाडी आज चकचकीत दिसली आणि तीन वर्षांनी छताचं साल निघालं असं व्हायला नको असेल तर आधी शिल्लक किती आहे ते बघायचं.

आमच्या मीटरवर छत ११० ते ११८. डावीकडची दारं १०० ते १०८. डिकी १०४च्या आसपास. ड्रायव्हरच्या मागच्या दाराच्या घडीजवळ ८२ (जुन्या रबिंगचा प्रसाद, कारण कडा आणि घड्यांवर क्लिअर मुळातच पातळ बसतो आणि रोटरी तिथेच सगळ्यात जास्त खाते). आणि बोनेट, २०५ ते २३०.

बोनेट दुप्पट जाड म्हणजे ते परत रंगवलेलं आहे हे आम्हाला त्याच क्षणी कळलं. काकांना विचारलं तर म्हणाले, "हो रे, भाच्याने ट्रॉलीला घासली होती, तीन वर्षं झाली." ठीक. पण त्या माहितीचं आम्ही काय केलं, तिथे चूक झाली.

पर्याय

काकांच्या बजेटमध्ये आणि वेळेत काय काय बसतं ते बोललो.

नुसता ग्लेझ मारून द्यायचा, हा पहिला. चार तासांचं काम, लग्नाच्या दिवशी गाडी छान दिसली असती, पावसाळ्यात परत तेच. दोनदा हेच करून त्यांनी पैसे घालवलेले, त्यामुळे हा मी सुचवलाच नाही, त्यांनीच विचारला म्हणून समजावून सांगितलं.

दुसरा, वन-स्टेप. मध्यम कटचं (कट म्हणजे घासून काढण्याची ताकद) पॉलिश आणि एकच फोम पॅड, एका फेरीत साठ-सत्तर टक्के दोष जातात आणि फिनिश पण बऱ्यापैकी येतो. दीड दिवस. क्लिअर कमी जातो. रोज वापरायच्या गाडीला मी बहुतेक वेळा हेच सांगतो आणि आजही सांगेन.

तिसरा, टू-स्टेप. आधी कंपाउंड आणि कटिंग पॅडने कट, मग फिनिशिंग पॉलिश आणि मऊ पॅडने दुसरी फेरी. तीन ते चार दिवस, पैसे जवळपास दुप्पट.

चौथा पर्याय काका कुठूनतरी ऐकून आले होते, थेट सिरॅमिक कोटिंग. त्यावर मी स्पष्ट नाही म्हणालो. कोटिंग पारदर्शक असतं, खालचे स्वर्ल तसेच दिसत राहतात आणि ते नंतर काढायचे झाले तर आधी कोटिंगच घासून काढावं लागतं. ओरखड्यासाठी वेट सँडिंग (पाणी लावून बारीक पॉलिश पेपरने घासणं) पण बोलण्यात आलं, पण ८२ मायक्रॉनवर कागद लावायची माझी तयारी नव्हती.

ठरलं वन-स्टेप, टेस्ट स्पॉट (आधी एका छोट्या चौकोनावर करून बघायची चाचणी) चांगला आला तर.

पॉलिश आणि पॅड निवडताना डोक्यात काय होतं

लोक दुकानात जाऊन विचारतात "कुठलं पॉलिश चांगलं". प्रश्न अर्धा आहे. बाटली आणि पॅड मिळून एक हत्यार होतं. एकच मध्यम पॉलिश मऊ काळ्या फोमवर लावलं तर नुसतं उजळतं, तेच कडक कटिंग फोमवर लावलं तर चांगलं कापतं, आणि मायक्रोफायबर पॅडवर लावलं तर आणखी कापतं कारण त्या पॅडचे धागे स्वतःच पेंटला घासतात. म्हणून कट वाढवायचा असेल तर मी आधी पॅड बदलतो, बाटली नंतर.

बाटलीचं पण समजून घ्यावं लागतं. काही पॉलिशमधले कण काम करता करता फुटून बारीक होत जातात, मेन्झर्ना कंपनीची ही जुनी पद्धत. ते पूर्ण "फुटेपर्यंत" फिरवायचं असतं, मध्येच पुसलं तर धूसरपणा राहतो. मेगायर्स कंपनीचं १०५ आणि २०५ हे दुसऱ्या जातीचं, कण सुरुवातीपासूनच अतिशय बारीक आणि तसेच राहतात, तिथे किती वेळ फिरवलं यापेक्षा दाब आणि पॅड जास्त ठरवतात. नंबरांच्या मागे पण डोळे झाकून जाऊ नये. मेन्झर्नामध्ये ४०० म्हणजे हेवी कट आणि ३५०० म्हणजे फिनिशिंग, आकडा वाढला की कट कमी. मेगायर्सच्या १०५ आणि २०५ला हा हिशोब लावता येत नाही, ती नुसती प्रॉडक्टची नावं आहेत.

आमच्याकडे मशीन ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे पॅड स्वतःभोवती फिरतानाच छोट्या वर्तुळात पण हलतं, १५ मिलिमीटर थ्रोचं (त्या वर्तुळाचा व्यास), ५ इंची प्लेट, आणि खांब-बंपरसाठी ३ इंची छोटं. रोटरी आहे पण काळ्या गाडीवर मी ती बाहेर काढत नाही. ड्युअल अ‍ॅक्शनला वेळ जास्त लागतो, पण होलोग्राम काढायला बसलेल्या माणसाने नवे होलोग्राम पाडायचा धोका कशाला घ्यायचा.

चूक कुठे झाली

टेस्ट स्पॉट बोनेटवर घेतला. त्या वेळचा माझा विचार असा, की बोनेटवर २०० पार आहे, तिथे थोडं जास्त गेलं तरी भीती नाही, शिवाय समोर आहे, वाकायला लागत नाही, प्रकाश चांगला पडतो. म्हणून दोन बाय दोन फुटांचा चौकोन टेप लावून आखला, मध्यम पॉलिशचे चार थेंब, मधल्या कटचा फोम पॅड, स्पीड ४, आडव्या-उभ्या मिळून चार फेऱ्या, आणि पुसलं तर अक्षरशः काळं पाणी दिसावं तसं बोनेट. काका तिथेच उभे होते. म्हणाले, "झालं की रे!" आणि मी त्यांना तिथल्या तिथे सांगून टाकलं, दीड दिवसात गाडी देतो.

आकड्याने दोन गोष्टी सांगितल्या होत्या आणि मी त्यातली एकच ऐकली. जाड आहे म्हणजे कापायला जागा आहे, हे ऐकलं. जाड आहे म्हणजे हा कंपनीचा पेंटच नाही, बाहेर मारलेला, वेगळ्या क्लिअरचा आणि वेगळ्या तापमानाला सुकवलेला पेंट आहे, आणि म्हणून तो उरलेल्या गाडीबद्दल काहीच सांगू शकत नाही, हे ऐकलं नाही. कंपनीत गाडी साधारण १४० अंशांच्या भट्टीत भाजतात, डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात ६०च्या आसपास बूथमध्ये नाहीतर नुसत्या हवेवर. दोन्ही क्लिअर वेगळे, कडकपणा पण वेगळा असू शकतो. इथे होताच.

दुसऱ्या दिवशी डावीकडच्या पुढच्या दारावर तेच पॉलिश, तेच पॅड, त्याच चार फेऱ्या. पुसलं तर स्वर्ल जवळपास जिथल्या तिथे. सहा फेऱ्या केल्या. थोडा उजाळा आला पण टॉर्च धरला की जाळं तसंच. मुलगा म्हणाला, "दादा, पॅड भरलंय का?" नवीन पॅड लावलं, तेच. दाब वाढवला तर मशीनचं फिरणंच थांबायला लागलं. (प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवावी, पॅड फिरतंय की नुसतं थरथरतंय ते त्या रेघेवरून लगेच कळतं. नुसतं थरथरणारं पॅड काही कापत नाही.)

तिथे मी काम थांबवलं, हा त्या दोन दिवसांतला बरा निर्णय. दुपार वाया गेली पण अंदाजाने पुढे रेटलं नाही.

दाराचा टेस्ट स्पॉट, नीट

दारावर शेजारी शेजारी चार पट्टे आखले. क्रम हलक्यापासून जडाकडे. पहिल्यात मध्यम पॉलिश आणि मधला फोम, जे फसलं होतं तेच, तुलनेसाठी. दुसऱ्यात पॉलिश तेच, पॅड फक्त कटिंग फोम. तिसऱ्यात कटिंग फोम तोच, बाटली बदलून हेवी कट कंपाउंड. चौथ्यात तेच कंपाउंड, मायक्रोफायबर पॅड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

प्रत्येक पट्टा पुसून झाल्यावर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने परत पुसला. हे पण पहिल्या दिवशी बोनेटवर मी घाईत सोडलं होतं. पॉलिशमधलं तेल बारीक चऱ्यांत बसतं आणि खोटं सुंदर दिसतं, जुन्या गॅरेजच्या कामात जे झालं त्याचंच छोटं रूप.

दुसऱ्या पट्ट्यात चाळीसेक टक्के फरक. तिसऱ्यात सत्तरच्या पुढे, आणि पृष्ठभाग बऱ्यापैकी साफ. चौथ्यात नव्वदच्या आसपास, स्वर्ल साफ गेले, पण वर दुधाळ झाक, काळ्या रंगावर लगेच डोळ्यात भरणारी. ही झाक फिनिशिंगच्या फेरीत जाते, पण जायलाच लागते, ती सोडून गाडी देता येत नाही. हे टक्के डोळ्यांनी टॉर्चखाली ठरवलेले आहेत, कुठल्या यंत्राने नाही.

आता खरा निर्णय. चौथा पट्टा बघितल्यावर कोणालाही वाटेल मायक्रोफायबरच घ्या. मी अर्धा तास दारासमोर बसून होतो. एकीकडे ९० टक्के, दुसरीकडे १०० मायक्रॉनचं दार ज्याचं आधीच दोनदा रबिंग झालंय. तिसऱ्या आणि चौथ्यात जो वीसेक टक्क्यांचा फरक तो खोल चऱ्यांचा, म्हणजे तेवढ्यासाठी सगळ्या दाराचा क्लिअर आणखी खाली न्यायचा. काकांनी लाज वाटू नये एवढंच मागितलं होतं. दारांना तिसरा पर्याय ठरवला. मायक्रोफायबर फक्त छत आणि डिकीवर, जिथे पाण्याचे डाग कोरलेले होते, आणि छताला जागा पण होती.

काकांना फोन केला, सगळं सांगितलं, की काल मी चुकीच्या जागेवर बघून शब्द दिला, आता टू-स्टेप लागेल, दोन दिवस जास्त. पैसे वन-स्टेपचेच घेतले, कारण अंदाज माझा चुकला होता. ते एवढंच म्हणाले, "लग्नाला अजून वेळ आहे, घाई करू नकोस."

काम कसं झालं

उन्हाळ्यात पुण्यात दुपारी पत्रा हाताला चटका देतो. गरम पत्र्यावर पॉलिश पसरायच्या आधीच सुकतं, पांढरी धूळ उडते आणि कण पेंटवर कोरडे घासतात. म्हणून सकाळी साडेसहा ते अकरा, परत संध्याकाळी पाचनंतर. शेडमध्ये गाडी रात्रभर उभी, पत्रा गार.

सगळ्या कडा, घड्या, रबर आणि काळं प्लास्टिक मास्किंग टेपने झाकलं. नवीन पॅडवर आधी पॉलिशचा पातळ हात फिरवून घ्यायचा म्हणजे कोरडं तोंड पेंटला लागत नाही, मग नुसते तीन-चार थेंब. पॉलिश जास्त घातलं की पॅड पाण्यासारखं घसरतं आणि कट कमी होतो, हे सांगून लोकांना पटत नाही, जास्त औषध म्हणजे जास्त गुण असंच वाटतं. एका वेळी दोन बाय दोन फूट, हात अगदी सावकाश, सेकंदाला इंचभर.

पॅडची संख्या हा भाग लोक विसरतात. एका गाडीला एक कटिंग पॅड पुरत नाही. निघालेला क्लिअर आणि वापरलेलं पॉलिश पॅडमध्ये साठतं, पॅड गरम होतं, फोम मऊ पडतो, मधोमध दबतो, फार झालं तर मागचं वेल्क्रो सुटून येतं. दर चौकोनानंतर ब्रश किंवा कंप्रेसरची हवा, आणि दर एक-दोन पॅनलला पॅड बदलायचं. आम्ही कटिंगचे पाच फोम आणि दोन मायक्रोफायबर आलटून पालटून वापरले.

छतावर मायक्रोफायबर आणि कंपाउंड. बहुतेक डाग गेले. सहा-सात राहिले, त्यांच्यावर दुसऱ्यांदा गेलो, दोन कमी झाले, मग सोडले. मुलाचं म्हणणं होतं अजून एकदा घेऊ. छत आडवं असतं, ऊन सगळ्यात जास्त तेच खातं, म्हणून मी नाही म्हणालो.

मागच्या दाराच्या ८२वाल्या घडीवर कंपाउंड लावलंच नाही. मध्यम पॉलिश आणि मधला फोम, हलक्या हाताने दोन फेऱ्या. ओरखडा राहिला, त्याची धार थोडी बोथट झाल्यासारखी दिसते एवढंच.

बंपर प्लास्टिकचे, आमचा मीटर प्लास्टिकवर वाचत नाही, आणि प्लास्टिक उष्णता पत्र्यासारखी पसरवत नाही, एका जागी साठवतं. तिथे छोटं मशीन, कमी स्पीड, मधला फोम, बस.

निळ्या पॅडचा गोंधळ

फिनिशिंगच्या दिवशी अजून एक प्रसंग झाला, तो लिहायलाच हवा कारण असं कोणाकडेही होईल. बोनेट वन-स्टेपने उजळलं होतं, त्यावर नुसती फिनिशिंगची फेरी द्यायची होती. मी मुलाला म्हणालो, निळं पॅड दे. माझ्या डोक्यात थ्रीएम कंपनीचं निळं, म्हणजे सगळ्यात मऊ, शेवटच्या फेरीचं. त्याने दिलं ते रूपेसचं निळं, आणि त्यांच्याकडे निळं म्हणजे कोर्स, सगळ्यात जास्त कापणारं. आकार तोच, निळ्याची छटा थोडी वेगळी. मी बघितलं नाही. मऊ बोनेटवर दोन फेऱ्या झाल्या आणि पुसलं तर धुकं.

रंगांचा कंपन्यांमध्ये काही ठराव नाही. पिवळं थ्रीएमकडे मधल्या पायरीचं, रूपेसकडे फाइन. पांढरं लेक कंट्रीकडे पॉलिशिंगचं, रूपेसकडे अल्ट्रा फाइन. त्यामुळे "निळं दे, पिवळं दे" असं बोलणं तोपर्यंतच चालतं जोपर्यंत शेडमध्ये एकाच कंपनीचा सेट आहे.

नुकसान मोठं नव्हतं, बोनेटला जाडी होती. पण धुकं काढताना मऊ पेंटचा दुसरा त्रास समोर आला, फिनिशिंग पॉलिश आणि मऊ काळा फोम लावूनही तिरप्या प्रकाशात बारीक धूसरपणा राहत होता. तीन गोष्टी बदलल्या. आधी वापरलेलं धुतलेलं पॅड टाकून कोरं घेतलं. स्पीड ४ वरून ३. आणि शेवटच्या दोन फेऱ्यांना मशीनच्या स्वतःच्या वजनावर सोडलं, वरून हाताचा दाब शून्य. तेव्हा कुठे साफ झालं. पुसायला पण नवं मायक्रोफायबर कापड, कारण मऊ काळ्या क्लिअरवर जुन्या कापडाचीसुद्धा रेघ उठते. दारांना हे सगळं लागलं नाही, कडक पेंटवर तेच फिनिशिंग पॉलिश पहिल्याच फटक्यात स्वच्छ उतरलं. एकाच गाडीवर, एकाच बाटलीचं वागणं इतकं वेगळं.

निकाल

गाडी पाचव्या दिवशी दिली. सकाळी नऊच्या उन्हात बाहेर काढली, कारण काळ्या गाडीचा खरा निकाल उन्हातच लागतो. होलोग्राम कुठेही नाहीत. दारांवर साधारण तीन चतुर्थांश स्वर्ल गेलेले, बोनेट जवळपास पूर्ण, छतावर चार-पाच डाग शिल्लक, मागच्या दारावर ओरखडा जिथल्या तिथे. हे उरलेलं सगळं मी स्वतः काकांना बोट ठेवून दाखवलं.

जाडी परत मापली. दारांवर दोन-तीन मायक्रॉन कमी दिसत होते, पण मीटरची स्वतःची चूकच तेवढी असते, त्यामुळे अमुक इतकंच गेलं असं मी छातीठोक सांगणार नाही. फार गेलं नाही एवढं नक्की.

वर सिरॅमिक न करता साधा सीलंट (पेंट जपणारा पातळ थर) लावला. काकांचं पाणी आणि फडकं बदलल्याशिवाय महागाच्या थराला अर्थ नव्हता. त्यावर बराच वेळ बोललो. त्यांनी सोसायटीतल्या माणसाला गाडीला हात लावू नको सांगितलं पण पगार चालू ठेवला, काचा आणि आतली साफसफाई तो करतो. आठवड्यातून एकदा पिण्याच्या लाइनचं दोन बादल्या पाणी, एकात शाम्पू, एकात हातमोजा खळबळायला, आणि लगेच पुसून कोरडी.

पावसाळ्यानंतर गाडी परत बघितली. पाण्याचे नवे डाग नाहीत. ड्रायव्हरच्या दारावर हँडलखाली नखांचे चरे आलेत. बोनेटवर बारीक स्वर्ल परत दिसायला लागलेत, दारांवर नाहीत. मऊ क्लिअर आहे, ते होणारच होतं.

परत केलं तर काय वेगळं

जाडी मापून झाली की टेस्ट स्पॉट कमीत कमी दोन, एक कंपनीच्या पेंटवर, एक परत रंगवलेल्या पॅनलवर. गाडीचा जास्तीत जास्त भाग ज्या पेंटचा आहे तिथला निकाल बघून मगच गिऱ्हाइकाशी वेळ आणि पैसे बोलायचे. आणि अल्कोहोलने पुसल्याशिवाय टेस्ट स्पॉट झाला असं समजायचं नाही, गिऱ्हाईक शेजारी उभं असलं तरी.

पॅडच्या मागे आता मार्करने लिहितो, कट, मध्यम, फिनिश. मुलाला रंगाचं नाव घेऊन पॅड मागत नाही.

एका गोष्टीवर अजून माझं मत पक्कं होत नाही. दारांना मायक्रोफायबर नाकारलं ते बरोबर की जास्तच जपलं? १००-१०८ म्हणजे काही धोक्याची पातळी नाही, बऱ्याच चांगल्या हातांनी तिथे ९० टक्क्यांचा पर्याय घेतला असता आणि त्यात चूक म्हणता आली नसती. पण आधीच्या दोन रबिंगमध्ये त्यातला क्लिअर किती गेलाय ते मीटर सांगत नाही, तो फक्त बेरीज दाखवतो, खाली प्रायमर किती, रंग किती, क्लिअर किती याची फोड करत नाही. मला त्या अंधारात आणखी पुढे जायचं नव्हतं.

पॅनलनिहाय आकडे एका कागदावर लिहून काकांच्या सर्व्हिस बुकात ठेवलेत, बोनेट परत रंगवलेलं आहे आणि मागच्या दाराच्या घडीवर कंपाउंड लावू नये हे खाली लाल पेनाने. पुढच्या वेळी गाडी आमच्याकडे येईल की दुसरीकडे जाईल माहीत नाही, मशीन हातात घेणाऱ्याने तो कागद आधी वाचावा म्हणून.